ओरायताईचा होकार

समजा, तुम्ही एका खुर्चीत बसला आहात. समोर पडदा आहे आणि पडद्यावर लिहायला एक रिकामी चौकट. त्या चौकटीत तुम्ही साध्या बोलीत विचारायचं, सीखिऊच्या तिसऱ्या चार्जिंग मशीनला काय झालंय? पडद्याआडचा सहायक बघून येतो आणि सांगतो की केबल गाडीत अडकून बसलीय, मशीन बंद करून पुन्हा चालू करू का? तुम्ही 'हो' लिहायचं. तुम्ही 'हो' लिहिलंत की दूर महामार्गाच्या कडेला, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात केबल सुटून येते. त्याला तुमचं नावही ठाऊक नसतं. मग सहायक पुढचं विचारतो. तो दमत नाही, त्याला जांभई येत नाही आणि तुमच्या होकाराशिवाय तो कशालाही हात लावत नाही. आता हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत करून बघा. वर हेही समजा की सोंगक्रान, आमचा नव्या वर्षाचा सण, तोंडावर आलाय, अर्धं बँकॉक आपापल्या गावी निघालंय आणि त्यातल्या कितीतरी गाड्या विजेवर चालतात.

ओरायताई हेच काम करते. फरक इतकाच की ती खुर्चीत बसत नाही.

कोराटला एका टायरच्या दुकानाच्या वर आमची कचेरी आहे. तिथे तिच्यासाठी चांगली उंच पाठीची खुर्ची आणलेली आहे आणि त्या खुर्चीत तिची पर्स बसते. ताई खिडकीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून खिडकीपर्यंत फिरत असते. एका हातात कापराची हुंगायची नळी, ती आलटून पालटून दोन्ही नाकपुड्यांना लावायची. पडद्यावर काही उमटलं की टुणकन आवाज होतो. ताई वळते, वाकून वाचते, उभ्यानंच दोन बोटांनी उत्तर लिहिते आणि पुन्हा चालायला लागते. कुणी म्हणालं, ताई बस की जरा, तर म्हणते, "बसले की मला वाटतं कुणीतरी पुढे घुसलं."

हे तिचं जुनं दुखणं. आमच्याकडे येण्याआधी कित्येक वर्षं ती व्हॅनच्या तळावर रांग लावायची. कोणती व्हॅन आधी सुटणार, कोण प्रवासी कुठल्या गाडीत, कुणी मधेच घुसलं तर त्याला कानाला धरून मागे नेणं, हे सगळं तिच्याकडे. तिचा आवाज तळाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या केळी तळणाऱ्या बाईलाही ऐकू जायचा. मग लोकांनी गाड्या घेतल्या, व्हॅन कमी झाल्या, तळाचं वाहनतळ झालं आणि ताई घरी बसली. म्हणजे घरी फिरत राहिली. आमच्या कंपनीत फोन घ्यायला माणूस हवं होतं तेव्हा ती आली. साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटरचा अनुभव आहे का? ती म्हणाली, "मी वीस वर्षं ड्रायव्हर सांभाळलेत. कॉम्प्युटर निदान दारू तरी पीत नसेल." तिला त्याच दिवशी घेतली.

तेव्हा काम निराळं होतं. सीखिऊपासून खोनकेनपर्यंतच्या आमच्या सगळ्या स्टेशनांचे वेगवेगळे पडदे असायचे, वेगवेगळ्या बनावटीच्या मशीनची वेगवेगळी भाषा असायची, आणि ताई एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बरोबर बटण शोधत राहायची. मग आम्ही तिघा पोरांनी मिळून मधला पूल बांधला. मशीनकडून माहिती आणणारी, मशीनला हुकूम देणारी छोटी छोटी टूल्स लिहिली आणि ती एआय सहायकाच्या हातात दिली. प्रत्येक टूलला एक नाव आणि दोन ओळींची ओळख: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. सहायक ती ओळख वाचतो आणि ताईच्या बोलण्यावरून ठरवतो की आता कुठलं उचलायचं. ज्या टूलनं नुसतं बघायचं असतं ते तो आपण होऊन वापरतो. ज्यानं काही घडतं, म्हणजे चार्जिंग थांबवणं, केबल सोडणं, मशीनमधला प्रोग्रॅम बदलणं, त्याच्या आधी तो थांबतो आणि विचारतो. होकार माणसाचाच हवा, हा आमचा नियम. तो माणूस म्हणजे ओरायताई.

पहिल्या दिवशी तिनं सहायकाला विचारलं, जेवलास का? त्यानं नम्रपणे सांगितलं की मला जेवण लागत नाही. ताई म्हणाली, "बरं झालं, मग मी जेवायला गेले की तू दुकान सांभाळ." तेव्हापासून ती त्याला 'धाकट्या' म्हणते. काम झालं की आभार मानते. आम्ही हसायचो. पण तिच्या एका सवयीला आम्ही हसत नव्हतो. 'हो' लिहायच्या आधी ती एक पाऊल मागे घ्यायची, नळी एकदा खोल हुंगायची, मगच पुढे वाकायची.

सीखिऊचं स्टेशन जलाशयाच्या अलीकडे आहे. चार मशीन, वर पत्र्याची शेड, बाजूला मालैमावशीची मक्याची गाडी आणि मागे एक चिंचेचं झाड. मालैमावशी आमच्या पगारावर नाही. पण शेडच्या सावलीचा तिला उपयोग होतो आणि तिच्या डोळ्यांचा आम्हाला, म्हणून तिचा नंबर ताईकडे असतो.

त्या वर्षी उन्हाळा असा होता की दुपारी मशीनच्या केबलला हात लावला तर चटका बसावा. उष्णतेनं चौथ्या मशीनची केबल सारखी अडकत होती. मशीन बनवणाऱ्यांनी त्यावर नवा प्रोग्रॅम पाठवला होता. तो एकदा सुरू केला की मधे थांबवता येत नाही. अर्धवट राहिला तर मशीन कायमचं बसायचं. आणि सीखिऊची तिसरी नि चौथी मशीन एकाच पेटीवर जोडलेली, त्यामुळे एकाचा बदलायचा तर दोन्ही बंद ठेवायची. साहेबांचं म्हणणं होतं की खरी गर्दी यायच्या आत हे उरकून टाका. म्हणून सकाळीच ताईनं सहायकाला सांगून ठेवलं होतं: "धाकट्या, सीखिऊची तीन आणि चार दोन्ही रिकामी दिसली, कुणी थांबलेलं नसलं, की मला हाक मार."

जेवणाच्या सुट्टीनंतर टुणकन वाजलं. सहायकानं लिहिलं होतं की तिसऱ्या मशीनवरची गाडी आत्ताच निघाली, चौथं मशीन केबल अडकल्यापासून बंदच आहे, आणि रांगेत कुणी नाही. प्रोग्रॅम बदलायला घेऊ का?

ताईनं एक पाऊल मागे घेतलं. नळी हुंगली. तिसऱ्या मशीनकडे बघितलं, रिकामं. रांगेचा आकडा बघितला, शून्य. पुढे वाकली आणि 'हो' लिहिलं. मग म्हणाली, चला, एक काम हातावेगळं झालं, आणि खिडकीकडे वळली.

खिडकीपर्यंत ती पोचली नाही. तिचा फोन वाजला. मालैमावशी होती. फोन कानापासून लांब धरावा इतक्या आवाजात मावशी विचारत होती की तुम्ही मशीन का बंद केलंत, इथे माणसं चिंचेखाली ताटकळत बसलीत. ताई म्हणाली, कुठली माणसं, रांगेत तर कुणीच नाही. मावशीनं फोन ठेवला आणि आमच्या चॅट ग्रुपवर एक फोटो टाकला.

फोटोत शेडच्या कडेनं चपला मांडलेल्या होत्या. एकामागे एक, मशीनपासून निघून थेट चिंचेपर्यंत. रबरी, चामडी, एका लहान मुलीच्या गुलाबी, एका जागी चप्पल नसल्यामुळे पाण्याची बाटली.

आमच्याकडे हे सगळीकडे चालतं. दवाखान्यात, तहसील कचेरीत, मोफत लसीच्या दिवशी. उन्हात कशाला उभं राहायचं? चप्पल रांगेत ठेवायची, आपण सावलीत बसायचं, पुढची चप्पल सरकली की आपली सरकवायची. कुणी कुणाची चप्पल ओलांडत नाही. ॲपमध्येही रांगेचं बटण आहे, पण ते आमचं खातं असेल त्यालाच दिसतं. मशीनवरचा कोड स्कॅन करून पैसे देणाऱ्याला ते नाहीच. आणि खातं असलेलेही ते दाबत नाहीत, कारण नंबर आला की फोन ओरडतो आणि लगेच उत्तर द्यावं लागतं. त्यातल्या एका आजोबांनी मावशीला सांगितलं होतं म्हणे, "चपलेची बॅटरी उतरत नाही."

तिसऱ्या मशीनवरची गाडी निघाली तेव्हा पुढची चप्पल ज्याची होती तो माणूस उठून, चप्पल पायात घालून, आपली टॅक्सी आणायला गेला होता. तेवढ्यात तो होकार गेला. तो गाडी लावतो न लावतो तोच मशीनचा दिवा निळ्याचा लाल झाला.

ताई फोटोकडे बघत राहिली. व्हॅनच्या तळावर तिनं स्वतः चपलांच्या रांगा लावल्या होत्या, मारामाऱ्या सोडवल्या होत्या. नळी नाकाशी नेली आणि हुंगायची विसरली.

मग तिनं लिहिलं, धाकट्या, थांबव. सहायकानं सांगितलं, आता थांबवलं तर दोन्ही मशीन निकामी होतील, अर्ध्या तासात पूर्ण होईल. ती म्हणाली, बरं. आणि मावशीला फोन लावला की त्या टॅक्सीवाल्याची माफी मागा, म्हणावं थोडा वेळ लागेल.

मावशी गेली आणि परत फोनवर आली ती हळू आवाजात. मावशी हळू बोलते हेच आम्हाला नवीन होतं. ती म्हणाली की टॅक्सीवाला काही बोलत नाही, हात जोडतो आणि हसतो, म्हणतो काही हरकत नाही. पण त्याच्या शेजारच्या सीटवर भिक्षापात्र आहे. नवं, पिवळ्या कापडात गुंडाळलेलं, आणि त्याला सीटचा पट्टा लावलाय.

माणसाचं नाव खम्फान. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवतो, जुनी घेतलेली, बॅटरी थकलेली. त्याच्या मुलाची आज दीक्षा होती. चैयाफूमकडे, भूखिऊच्या पलीकडच्या कुठल्याशा गावात. उन्हं उतरली की घरून विहाराकडे मिरवणूक निघणार. आमच्याकडे त्या मिरवणुकीत चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, आईच्या हातात असतं आणि पात्र बापाच्या. विहारात पात्रांची काही वाण नसते. वेळ आली तर भिक्खू एखादं काढून देतील. बापाच्या जागी मामा उभा राहील, काका उभा राहील. मुलगा भिक्खू होईलच. फक्त बाप तिथे नसेल. आणि हे सगळं त्यानं आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं. पात्र बघून मावशीनंच खोदून खोदून काढलं होतं.

"एवढं होतं तर बोलला का नाही तो?" ताईनं विचारलं.

"कशाला बोलेल? सगळेच गावी चाललेत," मावशी म्हणाली. "तू असतीस तर बोलली असतीस?"

ताई चालायला लागली. या वेळी खिडकीपर्यंत नाही, टेबलाभोवती.

पहिली दोन मशीन चालू होती. दुसऱ्यावर एका कुटुंबाची गाडी, आणि कुटुंब जलाशयात डुंबायला गेलेलं. पहिल्यावर एक मोठी पांढरी गाडी, नव्वद टक्क्यांच्या पुढे भरलेली. तिचा मालक आत एसी लावून, सीट मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. नव्वदच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलानं भरते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्या झोपलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं किंवा घाई नव्हती. आणि रांगेतल्या एकानंही त्याच्या काचेवर टकटक केली नव्हती.

ताईनं सहायकाला सांगितलं, पहिल्या मशीनवरचं चार्जिंग थांबव. त्यानं विचारलं, कारण काय लावू? आम्ही तीन कारणं ठेवली होती. मालकानं सांगितलं, ॲपच्या रांगेत लोक आहेत आणि गाडी भरलेली आहे, किंवा धोका आहे. मालक झोपलेला. ॲपच्या रांगेत शून्य. राहिलं धोका.

मी तिच्या मागेच उभा होतो. तिनं 'धो' लिहिलं आणि थांबली. सहायकानं आधीच लिहून ठेवलं होतं की मशीनचं तापमान ठीक आहे, धूर किंवा गळती दिसत नाही. तुम्हाला तिथून काही वेगळं कळलं असेल तर सांगा, मी लगेच थांबवतो. म्हणजे ती जे सांगेल ते तो मानणार होता. कुणी तपासायला येणार नव्हतं.

तिनं 'धो' पुसलं. मला म्हणाली, "एकदा खोटा धोका सांगितला ना, की खऱ्या वेळी हा मला विचारेल, ताई, खरंच का?"

मग तिनं जे होतं तेच लिहिलं. चिंचेपर्यंत चपला लागल्यात. पहिली चप्पल ज्याची आहे त्याच्याकडे मुलाच्या दीक्षेचं पात्र आहे. तुला दिसत नाही पण मी सांगते म्हणून खरं मान. सहायकानं लिहिलं की मी खरं मानतो, पण नियमाप्रमाणे मालकाला न विचारता त्याची गाडी थांबवता येणार नाही. दोन्ही मालकांना तुमच्याच शब्दांत निरोप पाठवू का? ताई म्हणाली, पाठव. निरोप गेले. एक फोन जलाशयाच्या काठावर कुणाच्या तरी कपड्यांच्या ढिगात वाजला असेल. दुसरा त्या झोपलेल्या माणसाच्या पोटावर थरथरत राहिला, असं मावशीनं सांगितलं.

"मावशी, काच वाजव," ताई म्हणाली.

"मी? बाई गं, अख्खी रात्र गाडी चालवून आलेला माणूस, सणासुदीला त्याची झोप मोडू? मला नाही ते पाप घ्यायचं."

"मग रांगेतल्या कुणाला तरी सांग."

"ते वाजवणार असते तर मघाशीच वाजवली असती."

ताईनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकरवर. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तळावर असती तर एका आरोळीत तिनं तो माणूस उठवला असता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. इथून ती नुसती 'हो' आणि 'नाही' लिहू शकत होती. ती म्हणाली, "मावशी, तुझा भोंगा कुठाय?"

पलीकडे मावशी खुदकन हसली.

मावशीच्या मक्याच्या गाडीला भोंगा आहे. त्यावर तिच्या भाच्याच्या आवाजात जाहिरात आहे, गोड मका, गरम मका, आई खाते, बाबा खातो, सासू मागते. तिनं गाडी ढकलत त्या पांढऱ्या गाडीच्या खिडकीशी नेली. मका विकणं हा काही गुन्हा नाही, आणि गिऱ्हाईक कुठे बसलंय हे भोंग्याला काय माहीत. तिनं आवाज शेवटपर्यंत फिरवला. आमच्या कचेरीतसुद्धा फोनमधून 'सासू मागते' घुमलं. टायरच्या दुकानातला पोऱ्या वर येऊन बघून गेला.

काच खाली गेली. त्या माणसानं डोळे चोळत आधी दोन मके घेतले. मग पैसे काढताना त्याची नजर चपलांवर गेली. मावशीनं सांगितलं की तो असा लाजला की सुट्टे पैसे घ्यायलाही थांबला नाही. सगळ्या रांगेला हात जोडले, केबल काढली आणि एक मका तसाच मशीनवर विसरून निघून गेला.

खम्फानची टॅक्सी लागली. ताई प्रथमच खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पण सुटका झाली नव्हती. आता सहायक मशीनवरून टॅक्सीची बॅटरी बघू शकत होता, आणि जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. जुनी बॅटरी, त्यात तापलेली, त्यामुळे हळू भरत होती. ताईनं विचारलं, भूखिऊच्या पलीकडे पोचायला किती हवं? त्यानं हिशेब करून दोन वाटा सांगितल्या. आत्ता निघाले तर मिरवणुकीच्या सुमारास पोचू शकतील, एसी बंद ठेवून आणि सावकाश गेले तर बॅटरी पुरेल असं वाटतं, पण जुन्या बॅटरीचा भरवसा नाही, शेवटच्या चढावर गाडी बंद पडू शकते. आणखी थोडं थांबले तर गाडी नक्की पोचेल, पण मिरवणूक निघून गेलेली असेल. वाटेत आमचं किंवा दुसऱ्या कुणाचं स्टेशन आहे का, हेही त्यानं बघितलं. होतं, पण तिथेही गर्दी, आणि तिथे किती चपला लागल्यात हे त्याला माहीत नाही, असं त्यानं स्वतःहून लिहिलं. ते वाचून ताई पडद्याकडे जरा वेळ बघत राहिली.

तिनं मावशीकडून खम्फानला दोन्ही वाटा सांगितल्या. निर्णय त्याचा होता. मावशीनं त्याचं उत्तर आणलं, "ताईंना जे सोयीचं वाटेल ते."

"माझ्या सोयीचा काय संबंध?" ताईचा आवाज चढला. पहिल्यांदाच तो तळावरचा आवाज होता. "मुलगा त्याचा आहे. फोन दे त्याला."

खम्फान फोनवर आला. आवाज मऊ, ईशान्येकडचा हेल. तो म्हणाला की तुम्हाला उगाच त्रास झाला. ताई म्हणाली, त्रास माझ्यामुळे तुम्हाला झालाय. तो म्हणाला, नाही नाही. ती म्हणाली, हो. असं दोघांचं थोडा वेळ चाललं, आणि तेवढ्या वेळात बॅटरी एका टक्क्यानं वाढली. शेवटी तिनं विचारलं, "दादा, तुम्हाला काय करायचंय?"

तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ते करतो. मला आता विचार करता येत नाहीये."

ताईनं आमच्याकडे बघितलं. साहेब दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, सुरक्षित तेच सांग, गाडी रस्त्यात बंद पडली तर आपल्यावर येईल. सहायकाला कुणी विचारलंच नव्हतं. ताईनं एक पाऊल मागे घेतलं. नळी नव्हती हातात, रिकाम्याच बोटांनी तिनं नाक चोळलं.

"निघा," ती म्हणाली. "एसी लावू नका. ट्रकच्या मागे मागे जा. पात्राचा पट्टा सोडू नका."

तो निघाला. मावशीनं त्याच्या हातात तो मशीनवर विसरलेला मका दिला म्हणे.

त्या दिवशी ताई संध्याकाळपर्यंत एका जागी थांबली नाही. दर थोड्या वेळानं विचारायची, धाकट्या, भूखिऊच्या रस्त्यावर कुठल्या मशीनवर टॅक्सी लागली का? लागली नव्हती. लागली नाही म्हणजे पोचला असेल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, किंवा कुठल्या मशीनपर्यंत पोचलाच नसेल. खम्फाननं कोड स्कॅन करून पैसे दिले होते. आमच्याकडे त्याचं खातं नाही, फोन नंबर नाही. मावशीनं गावाचं नाव विचारलं होतं, पण तिला आता दोन नावं आठवतात आणि दोन्ही खरी वाटतात.

सण उलटल्यावर आम्ही ते टूल बदललं. आधी ते म्हणायचं, रांगेत शून्य. आता ते म्हणतं, ॲपमध्ये कुणी नोंदवलेलं नाही, आवारात कोण थांबलंय ते मला माहीत नाही. आणि काही बंद करायचं असलं की सहायक आपण होऊन लिहितो, तिथल्या कुणाला विचारून घेता का? काम जरा हळू झालं. साहेब कुरकुरले, पण राहू दिलं. मालैमावशीला आता दिवसातून दहादा फोन जातो आणि ती म्हणते, मला मका विकू द्या की.

ताई तशीच आहे. खुर्चीत पर्स, नाकाशी नळी. पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास सुरू झाला तेव्हा एका रविवारी ती बस धरून भूखिऊला गेली. रस्त्याला लागून जो विहार दिसला तिथे उतरली. सकाळची वेळ, भिक्खू भिक्षेला निघालेले, त्यात दोघं-तिघं अगदी कोवळे. तिनं भात वाढला, हात जोडले, आणि एकालाही काही विचारलं नाही. परत आल्यावर मी म्हणालो, ताई, एवढी गेलीस तर विचारायचं की. ती म्हणाली, "काय विचारू? तुझा बाप टॅक्सी चालवतो का? आणि नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर?"

काल दुपारी काम जरा थंड होतं. पडद्यावर काही नव्हतं. ती खिडकीशी उभी होती, खाली टायर बदलणाऱ्या पोरांकडे बघत. माझ्याकडे न वळताच तिनं विचारलं, "मिरवणूक निघाली असेल ना, तेव्हा ते पात्र कुणाच्या हातात असेल रे?"